पहाटेची लाईन: लातूर, किल्लारी आणि परत

२८ सप्टेंबर, लातूर

रात्रीच्या गाडीनं सकाळी लातूरला उतरलो. स्टेशनबाहेर रिक्षावाले "स्टँड, स्टँड" ओरडत होते आणि मला स्टँडलाच जायचं होतं. १९९७ साली अकरावीसाठी या गावात पहिल्यांदा आलो तेव्हाही स्टँडवरच उतरलो होतो. सोबत एक लोखंडी पेटी, एक वळकटी आणि आईनं बांधून दिलेले धपाटे. या वेळी पाठीवर फक्त एक पिशवी होती.

माझा मित्र माघात गेला. पहाटे लाईनवर, म्हणजे घरोघरी पेपर टाकत असताना छातीत कळ आली म्हणून सायकल एका फाटकाला टेकवून पायरीवर बसला, तो उठलाच नाही. मला फोन येईपर्यंत दुपार झाली होती. मातीलाही मी पोचू शकलो नाही. दरवर्षी सप्टेंबर लागला की तो म्हणायचा, "एकदा माझ्यासंगं गावाकडं चल. तीस तारखेला." आणि दरवर्षी मी म्हणायचो, पुढच्या वर्षी नक्की. ते पुढचं वर्ष आता एकट्यानं करायला निघालो होतो.

त्याचं नाव कुठं लिहू नका, असं वहिनींनी सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. स्टँडवर त्याला नावानं कुणी हाक मारतच नव्हतं. "ए पेपर!" म्हटलं की तो वळायचा.

स्टँडवर चहा घेतला, चुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली आणि पाणपोईपाशी जाऊन उभा राहिलो. निदान मला तरी ती तीच पाणपोई वाटली. तिच्या मागच्या भिंतीशी तो १९९५ पासून झोपायचा. पंधरा वर्षांचा होता. तिथं का, तर रात्री दिव्याचा उजेड पडतो, चोरीची भीती कमी. चपला उशाखाली घ्यायच्या, नाहीतर सकाळी अनवाणी. रात्री बारा-एकच्या सुमाराला काठी आपटत हाकलायला येतात तेव्हा उठून फलाटावर बसायचं, "उमरग्याची गाडी हाय" म्हणायचं आणि ते गेले की परत येऊन आडवं व्हायचं. थंडीत अंगाखाली रद्दीचे चार थर आणि वर दोन. कागद थंडी कशी धरतो हे तो मला एखाद्या कारागिरासारखं समजावून सांगायचा: पान चुरगाळायचं, मग उलगडून पसरायचं, म्हणजे मधे हवा राहते.

पेपर विकायला तो कसा लागला, ते मात्र रद्दीवरून नाही. झोपेवरून. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर त्याला पहाटे साडेतीनला जाग यायची. रोज. कितीही दमलेला असो, साडेतीनला डोळे टक्क उघडे, आणि उजाडेपर्यंत परत लागायचे नाहीत. त्याच वेळी स्टँडवर पेपरच्या गाड्या येऊन गठ्ठे टाकायच्या. सुतळी कापायची, अंक मोजायचे, पुरवण्या भरायच्या, लाईनवाल्या पोरांत वाटायचे. एक दिवस एजंटचा पोरगा आला नाही. हा भिंतीशी जागाच बसलेला. "ए, मोजता येतंय का?" एवढ्या एका प्रश्नावर त्याचं पुढचं आयुष्य ठरलं. तो सातवीपर्यंत शिकला होता. मोजता येत होतं. पुढं तो म्हणायचा, "गड्या, ज्या येळेला मला झोप येत नाही, नेमकी त्याच येळेला ज्या धंद्यात माणूस लागतो, तो धंदा मला गावला." हे तो कौतुकानं सांगायचा, आणि ते ऐकताना दर वेळी माझ्या घशात काहीतरी अडकायचं.

आधी एसटीच्या खिडक्यांशी. "लोकमत, सकाळ, एकमत! आजचा एकमत!" गाडी हलली की तिच्याबरोबर पळत सुटे पैसे द्यायचे. एका अंकामागं सुटणारे पैसे तेव्हा चाराण्या-आठाण्यांत मोजायचे. उरलेले अंक परत घेतले तर बरं, नाहीतर ते अंगावर. मग वर्षभरानं एजंटनं त्याला लाईन दिली, आणि त्या लाईनवर माझी खोली होती.

लातूर पॅटर्नची, म्हणजे बोर्डात मार्क काढण्यासाठी इथं येऊन घासणारी पोरं पहाटे चारला उठून अभ्यासाला बसतात. माझ्या खिडकीत दिवा दिसायचा म्हणून तो पेपर खाली न टाकता जिना चढून वर यायचा, दारात क्षणभर थांबायचा. एकदा विचारलं, "हे काय वाचायलास?" रसायनशास्त्र होतं. त्यानं पुस्तक हातात घेतलं, वास घेतला आणि परत दिलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासाठीही चहा ठेवला. आमची मैत्री रोजच्या या दहा मिनिटांवर उभी राहिली आणि सत्तावीस वर्षं टिकली. माझी दहावीची जुनी पुस्तकं मी त्याला गावाहून आणून दिली. सतरा नंबरचा फॉर्म भरून तो बाहेरून दहावीला बसला. गणितात राहिला, परत बसला, निघाला. त्या दिवशी त्यानं स्टँडवर सगळ्यांना पेढे वाटले आणि रात्री त्याच भिंतीशी झोपला.

२००१ ची जनगणना त्याच्या बोलण्यात वारंवार यायची. बेघर माणसांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री होते, कारण जे उघड्यावर असतात ते रात्रीच एका जागी सापडतात. दोन गुरुजी हातात कागद घेऊन पाणपोईपाशी आले, त्याला उठवलं. त्याला वाटलं, हाकलायला आले. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, शिक्षण विचारलं. "दहावी पास," त्यानं सांगितलं. गुरुजींनी मान वर करून पाहिलं म्हणे. पुढच्या, २०११ च्या मोजणीत देशात असे १७ लाख ७० हजारांवर लोक निघाले. तो आकडा छापून आला त्या दिवशी त्यानं मला फोन केला. आता त्यात आपण नाही, एवढंच सांगायला.

दुपारी वहिनींकडं गेलो. गंजगोलाईवरून चालतच. सोळा रस्ते जिथं फुटतात तिथं मी आजही एकदा तरी चुकतो. वहिनींचं घर पत्र्याच्या दोन खोल्यांचं. भिंतीवर त्याचा फोटो, त्याच्या शेजारी अब्दुल कलामांचा. कलामांचा फोटो आधी त्याच्या स्टॉलवर होता. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली, चालत्या गाडीतून पेपरचे गठ्ठे फेकायचे आणि लहानगा कलाम ते गोळा करून वाटायचा, ही गोष्ट त्यानं लाईनवरच्या किती पोरांना सांगितली असेल. कलामांचा वाढदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात वृत्तपत्र विक्रेता दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून लाईन टाकायचा.

वहिनींनी रेशन कार्ड काढून दाखवलं. त्याच्या वस्तू दाखवताना त्यांनी आधी हेच काढलं, याचं मला नवल वाटलं नाही. २००२ मध्ये खोली भाड्यानं घेतली तरी पुढं बराच काळ त्याच्याकडं कसला कागद नव्हता. कार्डाला पत्त्याचा पुरावा, पुराव्याला कार्ड. मधल्या काळात मी पुण्याला नोकरीला लागलो होतो आणि तिथं मला परदेशातल्या रस्त्यावरच्या पेपरांविषयी वाचायला मिळालं. न्यूयॉर्कला १९८९ मध्ये 'स्ट्रीट न्यूज' निघालं, लंडनला १९९१ मध्ये 'द बिग इश्यू'. बेघर माणसांनीच विकायचे असे हे पेपर. विक्रेता अंक निम्म्या किमतीत विकत घेतो, पूर्ण किमतीला विकतो, मधला पैसा त्याचा. भीक नाही, व्यापार. आपल्याकडं दिल्लीत २००३ पासून 'बालकनामा' निघतो, त्यात तर रस्त्यावरची मुलंच बातम्या आणतात. हे सगळं मी फोनवर उत्साहानं सांगितलं. मला वाटलं तो कमिशन विचारेल. त्यानं विचारलं, "लंडनवाल्यांना ओळखपत्र देतेत का?" हो, म्हटलं, विक्रेत्याला अधिकृत ओळखपत्र असतं. "फोटोचं?" हो, फोटोचं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "लई चांगली गोष्ट हाय ही."

२९ सप्टेंबर, औसा मार्गे

सकाळी औशाची एसटी. अर्ध्या तिकिटामुळं बायाबापड्यांची ही गर्दी, उभ्यानंच गेलो. औशाला गाडी बदलायला तास होता, भुईकोट किल्ला बाहेरूनच पाहिला, नाक्यावर निलंगा राईस खाल्ला. लामजना पाटीच्या पुढं दोन्ही बाजूंना सोयाबीन काढणीला आलेलं, पानं गळून नुसत्या शेंगा उभ्या. काही रानांत काढून ढिगावर ताडपत्री झाकलेली. आभाळ भरून येत होतं आणि गाडीतला जो तो त्या आभाळाकडं बघत होता.

त्याचं गाव किल्लारीजवळ. भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली जी ५२ गावं नव्या जागी उठवून बसवली, त्यांतलं एक. ही गावं पाहिली की आधी थोडं चुकल्यासारखं होतं. मराठवाड्यातल्या गावाला बोळ असतात, वळणं असतात, पार असतो, एका घराचं बोलणं दुसऱ्या घरात ऐकू येतं. इथं सरळ रुंद रस्ते, ओळीनं घरं, प्रत्येकाला नंबर. तीस वर्षांत लोकांनी त्या ओळींना आपापलं वळण लावलंय. कुणी पुढं पत्र्याची ओसरी काढली, कुणी गोठा, कुणी तुळशीवृंदावन. पण सिमेंटच्या त्या मूळ खोल्या आतून ओळखू येतात.

त्याचा चुलतभाऊ वेशीवर घ्यायला आला होता. "या पाव्हणं," म्हणाला आणि माझी पिशवी घेतली. घरी नेलं, चहा झाला. मग त्यानंच विषय काढला. "हे घर त्याचंच हाय. त्याच्या बापाच्या नावचं." जमिनीवरून घरांचे तीन प्रकार केले होते, २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. याच्या वडिलांची जमीन नावापुरती, म्हणून अडीचशेचं मिळालं. वारस तेरा वर्षांचा. चुलत्यानं पोराला सांभाळायला घेतलं, घरही घेतलं. मग पोरगं जड झालं. अनाथ झालेली बाराशे मुलं भारतीय जैन संघटनेनं शिकायला पुण्याला नेली, त्यांच्यात यालाही पाठवावं असं गावातले गुरुजी म्हणत होते. चुलत्यानं पाठवलं नाही. "रानात हात लागत होता वो," चुलतभाऊ म्हणाला आणि खाली बघत राहिला. दोन वर्षं राबून एक दिवस हा अंगावरच्या कपड्यानिशी लातूरच्या गाडीत बसला. घर असलेला पोरगा बेघर झाला तो असा. मला राग यायला हवा होता, आलाही. पण समोर बसलेला माणूस तेव्हा आठ वर्षांचा होता, आणि घरात जेवढं काही गोडधोड होतं तेवढं त्यानं माझ्या ताटात वाढायला लावलं होतं.

"मागंन चार बार म्हणलो, ये, अर्धं घे. ऐकलाच नाही," तो म्हणाला. हे खरं असणार. मित्रानं या घराची तक्रार माझ्याजवळ कधीच केली नाही.

उन्हं कलल्यावर आम्ही जुन्या गावठाणात गेलो. बाभळी, लिंब, घाणेरी, आणि मधे दगडांचे ढीग. इथली जुनी घरं माळवदाची. दीड-दोन हात जाडीच्या भिंती, दगड मातीत रचलेले, वर लाकडाच्या सऱ्या आणि त्यांवर मातीचा थर. गळतं म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती चढायची. बापानं चढवली, आज्यानं चढवली. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली घरं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली तेव्हा हीच माती झोपलेल्या माणसांवर आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. हा आणि आणखी तीन-चार पोरं रिकाम्या मांडवात सतरंजीवर पडली होती. वर नुसतं कापड. "घरात निजलेले गेले, बाहेर निजलेला मी राहिलो," हे त्याचं वाक्य मी कितीदा ऐकलंय. लातूरला खोली घेतल्यावर पहिले काही महिने तो छताखाली झोपूच शकत नव्हता. उंबऱ्यावर डोकं बाहेर काढून झोपायचा. लोकांना वाटायचं, उघड्यावरची सवय जात नाही. ती सवय नव्हती.

चुलतभाऊ एका ढिगापाशी थांबला. पायानं घाणेरी बाजूला केली. खाली काळ्या दगडाचा उंबरा, मधोमध झिजून खोलगट झालेला, एका टोकाला कडीची भोकं. आजूबाजूला भिंत नाही, दार नाही. "दरसाल इथं येऊन बसायचा. पेपर घेऊन यायचा बगा, त्याच दिवसाचा. इथं ठेवायचा, वर दगड." मी खाली वाकून पाहिलं. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला दगडाखाली कागदाचा लगदा होता, पावसानं मातीशी एकजीव झालेला. गेल्या वर्षीचा.

हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. दरवर्षी चल म्हणत होता ते हे दाखवायला का, कोण जाणे. आता विचारायची सोय नाही.

३० सप्टेंबर, किल्लारी

अडीचशे फुटांच्या त्या घरात चुलतभावाच्या पोरांशेजारी झोपलो. साडेतीनला जाग आली. घड्याळ लावलं नव्हतं. बाहेर आलो तर समोरच्या ओसरीवर एक म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. दोन घरं सोडून आणखी एक बाप्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होतो की ती जाग एकट्या माझ्या मित्राची आहे.

सकाळी किल्लारीच्या स्मृतिस्तंभावर गेलो. पोलिसांची मानवंदना, फुलं, भाषणं. गर्दी पाहिली तेवढी होती. त्या पहाटे पोटात असलेली मुलंही आता तिशीच्या पलीकडची. त्यांच्यातले काही मोबाईलवर चित्रण करत होते, आणि त्यांच्याच मागं एक बाई नऊवारीच्या पदरानं तोंड झाकून आवाज न करता रडत होती. मी स्टँडवरून त्या दिवसाचे तीन पेपर घेतले आणि जुन्या गावठाणात परत गेलो. उंबऱ्याच्या आत ठेवले, वर दगड ठेवला. चुलतभावानं एक उदबत्ती लावली.

संध्याकाळी लातूर. वहिनींना उंबऱ्याचं सांगितलं. त्यांना ठाऊक होतं.

१ ऑक्टोबर, लातूर

मित्राचा मुलगा बारावीला आहे. त्यानं मला पावणेचारला उठवलं. "काका, तुम्ही झोपा की." मी चप्पल घातलीच होती.

स्टँडजवळ कट्ट्यावर सात-आठ जण पुरवण्या भरत होते. त्यांचा वेग डोळ्यांना धरता येत नाही: डाव्या हाताच्या अंगठ्यानं मुख्य अंक उघडायचा, उजव्यानं पुरवणी आत सरकवायची, गुडघ्यावर ठोकून कड सरळ करायची, पुढचा. मला दोन मिनिटांत बारा जमले. कुणी हसलं नाही, एकानं सरकून जागा दिली. बोलणं त्याच्याविषयीच निघालं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, पाच लाख लिटर घेऊन, त्या आठवड्यात त्यानं दुष्काळाच्या बातम्या ओरडून अंक खपवायला नकार दिला होता. "आपलंच पाणी न्हाई, त्याची काय बोली लावायची?" नुसता पेपर हातात धरून उभा राहायचा. २०२० च्या एप्रिलात घरोघरी पेपर टाकायला सरकारची मनाई आली तेव्हा तो स्टॉलवर तरी बसायचाच. मनाई उठली, पण कित्येक घरांनी पेपर परत सुरूच केला नाही. त्याची लाईन सव्वादोनशे घरांवरून नव्वदवर आली. एजंटचं काम सोडून दुसरीकडं जा, म्हणून मीच त्याला म्हटलं होतं. "नव्वद घरं वाट बघतेत की," म्हणाला.

मुलगा सायकलवर, मी मागं कुणाच्या तरी गाडीवर. अंकाची घडी घालून, कोपरा आत मुडपून, मनगटाच्या एका झटक्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. बापाचाच हात. एका फाटकाशी त्यानं सायकल हळू केली, पायरीकडं बघितलं, अंक फेकला नाही. उतरून पायरीवर ठेवला आणि पुढं निघाला. मी काही विचारलं नाही. त्या पायरीविषयी मला माहीत होतं.

उजाडता उजाडता परत आलो. पिशवीत एक अंक उरला होता. मला वाटलं, जास्तीचा. मुलगा घरासमोर थांबला, सायकल स्टँडला लावली आणि उंबऱ्यापासून आठ-दहा पावलं लांब उभा राहिला. घराचं दार लोटलेलं. आत दिवा, स्टोचा आवाज.

खोली घेतल्याच्या पहिल्या महिन्यापासून मित्रानं एक अंक स्वतःच्या पैशानं लावला होता, स्वतःच्या पत्त्यावर. एजंटच्या वहीत बाकीच्या गिऱ्हाइकांसारखंच त्याचंही नाव, महिन्याचं बिल. लाईन संपली की शेवटचा अंक तो हातात घेऊन घरात जायचा नाही. बाहेरून दारात टाकायचा, मग दार वाजवायचा.

मुलानं कोपरा मुडपला आणि अंक फेकला. तो फट्‌कन दारावर आदळून उंबऱ्यात पडला.

"आला का पेपर?" आतून वहिनींनी विचारलं.

"आला," मुलगा म्हणाला, आणि कडी वाजवली.